पेटी ७० अंश दाखवते, तरी धनुष्याच्या टोकाचा थर का सुटतो?

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. घरी लॅमिनेटेड, म्हणजे लाकडाच्या आणि फायबरग्लासच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून बनवायचं धनुष्य केलं, पट्ट्यांना इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून होणारा ग्लू) लावलं, साच्यावर दाबून तापवायच्या पेटीत ठेवलं, कंट्रोलरवर ७० अंश सेल्सिअस लावले आणि चार-पाच तासांनी बाहेर काढलं. दिसायला सगळं झकास. मग टिलरिंग करताना (दोन्ही बाजू सारख्या वाकाव्यात म्हणून घासताना) किंवा थोडे बाण सोडून झाल्यावर एका लिम्बच्या, म्हणजे मुठीपासून निघणाऱ्या वाकत्या बाजूच्या, टोकाकडून ‘टक्’ असा आवाज येतो आणि फायबरग्लासची पट्टी लाकडापासून सुटलेली दिसते. पुढच्या धनुष्याला माणूस ग्लू बदलतो, क्लॅम्प वाढवतो, लाकूड अधिक खरवडतो. पुन्हा तेच, आणि बहुतेक वेळा त्याच बाजूच्या टोकाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

ग्लूच खराब असता तर सांधा कुठेही सुटला असता, मुठीजवळही आणि मधेही. दर वेळी पेटीच्या एकाच कोपऱ्यातलं टोक सुटत असेल तर दोष त्या कोपऱ्यात आहे. कंट्रोलर दाखवतो ते त्याच्या प्रोबजवळच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या टोकाजवळच्या हवेचं तापमान. इपॉक्सी पकतं ते सांध्याच्या तापमानाला, आणि हे दोन आकडे बराच वेळ एकमेकांच्या जवळपासही नसतात.

पण पेटीला दोष देण्याआधी सुटलेला तुकडा हातात घेऊन नीट बघा. तो टाकून देऊ नका, सगळी माहिती त्यातच आहे. फायबरग्लासच्या पट्टीला लाकडाचे तंतू उपटून चिकटलेले दिसले तर ग्लूने आपलं काम केलंय, हरलंय ते लाकूड. मग जाडी, टेपर (टोकाकडे पट्टी निमुळती होत जाणं) आणि वाक यांचा हिशेब तपासायचा. सगळा ग्लू एकाच पृष्ठभागावर गुळगुळीत, चकचकीत राहिलाय आणि समोरची बाजू कोरडी असेल तर पृष्ठभाग तेलकट होता किंवा पुरेसा खरवडला नव्हता. लाकूड कोरडं, भुसभुशीत दिसतंय आणि ग्लूचा जेमतेम अंश आहे, तर सांधा उपाशी राहिला. याबद्दल पुढे लिहिलंय. आणि ग्लूचा थर आहे पुरेसा, पण नख रुतवलं की खूण उमटते, टोकदार सुईने उचकटला तर रबरासारखा ताणला जातो, तर तो अर्धाकच्चा आहे. हा लेख मुख्यतः या शेवटच्या प्रकारासाठी.

सांधा सुटायची वाट न बघताही ही परीक्षा करता येते. साच्यातून काढल्यावर दोन्ही कडांना इपॉक्सीचे ओघळ वाळलेले असतात. कडा घासायच्या आधी मुठीजवळचा एक आणि प्रत्येक टोकाजवळचा एक ओघळ पक्कडीने मोडून पाहा. पूर्ण गार झाल्यावरच. बहुतेक कडक इपॉक्सींचा पकलेला ओघळ कट्कन तुटतो, तुटलेली कड धारदार असते. अर्धाकच्चा ओघळ आधी वाकतो, मग फाटतो, आणि वाकलेल्या जागी पांढरट होतो. मधला तुटला आणि टोकाचा वाकला, तर निदान झालं.

इथे बरेच जण कपातल्या ग्लूवर विसंबतात आणि फसतात. उरलेला ग्लू कपात दगडासारखा झालाय, म्हणजे धनुष्यातलाही झाला असणार, असं वाटतं. पण इपॉक्सी पकताना स्वतःची उष्णता सोडतं. कपात ते जाड गोळ्याने असतं, उष्णता बाहेर पडायला वाट नसते, म्हणून गोळा स्वतःला तापवतो आणि भराभर पकतो. कप हाताला चटका देतो तो यामुळेच. सांध्यातला थर कागदाहून जाड नसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना थंड लाकूड असतं. त्याची उष्णता लाकूड लगेच पिऊन टाकतं. तेव्हा नमुना ठेवायचाच असेल तर त्याच लाकडाच्या दोन चिपट्या त्याच ग्लूने चिकटवून लिम्बच्या टोकाशेजारी साच्याला टेकवून ठेवा आणि नंतर छिन्नीने उचकटून बघा. कपाचा उपयोग एवढाच की मिश्रणाचं प्रमाण ढोबळ मानाने चुकलं नाही हे कळतं.

प्रमाणाचा प्रश्नही इथेच निकालात काढू. टोकाचा मऊ ओघळ पुन्हा ७० अंशांना दोन-तीन तास ठेवा. गार झाल्यावर कडक झाला तर त्याला आधी ऊब कमी पडली होती. तरीही चिवट-चिकट राहिला तर रेझिन आणि हार्डनर यांचं माप चुकलंय किंवा ते नीट ढवळलेलं नाही, आणि त्याला कितीही तापवून फायदा नाही. माप चुकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डब्यावर घनफळाचं प्रमाण छापलेलं असताना वजनकाट्यावर मोजणं, किंवा उलट. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते, त्यामुळे एक प्रमाण दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

साचा किती ऊब खातो

आता पेटीकडे. समजा पेटी आतून १.९ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच आहे. आत प्लायवूडचे थर जोडून केलेला, सुमारे ५० मिलिमीटर जाडीचा साचा आहे, वजन अंदाजे १० किलो. लाकूड उष्णता शोषायला तयार असतं पण आत न्यायला अतिशय आळशी. हवा ७० अंशांना स्थिर झाल्यापासून साच्याच्या गाभ्यापर्यंत ऊब पोचायला साधारण तासाभराहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर साच्याला टेकलेला सांधा त्या थंड लाकडाच्या बाजूने ओढला जात असतो. वरच्या बाजूला पट्ट्या दाबून धरायला हवा भरलेला रबरी होज असेल तर तोही उबेला आडकाठीच करतो. म्हणजे कंट्रोलर ७० दाखवायला लागला त्या क्षणी घड्याळ लावलं, तर पहिला तास-दीड तास फुकट गेला.

वेळेचं नुकसान तरी भरून काढता येतं. खरं घोडं पेंड खातं ते तापमानात. ढोबळ नियम असा की दर १० अंशांनी रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट किंवा निम्मा होतो. मधला सांधा ७० अंशांवर आणि टोकाचा ४५ वर असेल, तर टोकाकडचं इपॉक्सी पाच-सहा पट सावकाश पकतंय. मध्याला चार तास पुरतात तिथे टोकाला जवळजवळ पूर्ण दिवस लागेल. शिवाय इपॉक्सी जसजसं घट्ट होतं तसतशी त्यातल्या रेणूंची हालचाल गोठत जाते आणि कमी तापमानाला क्रिया एका टप्प्यावर अडून बसते. मग नुसता वेळ वाढवून पूर्ण मजबुती येत नाही, तापमानच वाढवावं लागतं. आणि अशा सांध्याची उष्णता सोसण्याची ताकदही कमीच राहते: उन्हात बंद गाडीत ठेवलेलं धनुष्य मऊ पडून सुटतं ते याच कारणाने.

पेटीचा नकाशा काढा

अंदाज बांधण्यापेक्षा एकदा मोजणं सोपं. साधे डिजिटल थर्मामीटर चार-पाच जमवा. आधी ते तपासून घ्या: ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात सगळे शून्याच्या आसपास आले पाहिजेत. जो दोन अंश जास्त दाखवतो त्यावर तसं लिहून ठेवा, फेकायची गरज नाही. मग रिकामा साचा आत ठेवून पेटी बंद करा आणि प्रोब असे लावा: दोन्ही टोकांना साच्याच्या पृष्ठभागावर एकेक, मध्यावर एक, आणि झाकणाखाली हवेत एक. साच्याशिवाय रिकामी पेटी तापवून काढलेला नकाशा निरुपयोगी आहे, कारण साचाच हवेची वाट अडवतो.

प्रोब पृष्ठभागावर चिकटवताना एक काळजी घ्यायची. नुसत्या टेपने लावला तर तो पृष्ठभागाऐवजी थोडंफार हवेचंच तापमान दाखवतो. प्रोबवर ॲल्युमिनियमचा टेप लावा आणि त्यावर बोटाच्या पेराएवढा फोमचा तुकडा दाबून बसवा, म्हणजे वरची गरम हवा त्याला फसवणार नाही. दर पंधरा मिनिटांनी आकडे वहीत उतरवत दोन-अडीच तास बसा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे.

पंखा नसलेल्या पेटीत बहुतेक वेळा असं दिसतं: झाकणाखाली ७५ ते ८०, मध्ये ७०, आणि टोकाला तळाजवळ ५०च्या आसपास. गरम हवा वर जाऊन बसते, खाली उतरतच नाही. ज्या साच्यात टोकं खाली झुकलेली असतात तिथे ती नेमकी थंड हवेच्या थरात बुडालेली असतात. त्यात पेटीच्या टोकाला एक भिंत जास्तीची, म्हणून ऊब तिथूनच जास्त गळते. एकाच बाजूचं टोक सुटत असेल तर त्या बाजूच्या झाकणाची फट बघा. पेटलेली उदबत्ती बाहेरून कडेकडेने फिरवली की धूर कुठे वळतो ते लगेच कळतं.

सगळ्या सांध्यावर फरक ५ अंशांच्या आत आणला की झालं. त्याहून बारीक अचूकतेच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती, ज्या क्रमाने करावी त्या क्रमाने

सर्वांत आधी पंखा. छोटा पंखा हवा ढवळायला पुरतो, मोठा झोत नको. पेटीच्या एका टोकाला तळाशी बसवून लांबीच्या दिशेने हवा ढकला, म्हणजे ती साच्याच्या एका अंगाने जाऊन दुसऱ्या अंगाने परत येते. संगणकातले पंखे सहसा ७० अंशांच्या आसपासच्या तापमानापर्यंतच चालवायचे असतात आणि पेटीत त्यांचं बेअरिंग लवकर जातं. मोटर बाहेर आणि पाती आत अशी रचना जमली तर उत्तम. नाहीतर पंखा ही झिजणारी वस्तू आहे असं धरून चाला आणि प्रत्येक वेळी झाकण लावण्याआधी तो फिरतोय ना ते पाहा. नुसत्या पंख्याने निम्म्याहून अधिक पेट्यांचं दुखणं जातं, असं माझं मत आहे.

मग उष्णतारोधक. वर सांगितलेल्या पेटीला आतून साधारण अडीच चौरस मीटर पृष्ठभाग येतो. भिंती नुसत्या १२ मिलिमीटर प्लायवूडच्या असतील तर खोलीपेक्षा ५० अंश जास्त तापमान टिकवायला साधारण ४५० ते ५०० वॅट सतत लागतात. त्याच भिंतींना २५ मिलिमीटर फोम लावला की हेच काम १४० वॅटच्या आसपास होतं. तापवायची ताकद तीच राहून गळती तिसऱ्या हिश्श्यावर आली की टोकांची कोपऱ्याकोपऱ्यातली थंडी आपोआप कमी होते. मात्र साधा थर्मोकोल ७५-८० अंशांच्या पुढे आक्रसायला लागतो, आणि बल्बसमोर तर त्याही आधी. फॉइल लावलेला पॉलिआयसोसायन्युरेट फोम या कामाला कितीतरी बरा.

तिसरी गोष्ट, उष्णता कुठून येते. जुन्या पद्धतीच्या पेट्यांत तारेचे पिवळे बल्ब असतात आणि ते अजूनही छान चालतात, मिळाले तर. त्यांच्या जागी एलईडी लावून चालत नाही: ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड देणारा एलईडी ९-१० वॅटच खातो, तेव्हा ऊब येणार कुठून? सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिंजऱ्यात वापरतात ते सिरॅमिक हीटर किंवा सिलिकॉनचे तापणारे मॅट हे चांगले पर्याय. जे काही वापराल ते एका जागी गोळा करू नका. ४०० वॅटचा एकच हीटर मधे ठेवण्यापेक्षा तेवढेच वॅट पाच-सहा ठिकाणी वाटा, आणि टोकांना वाटा थोडा जास्त ठेवा. बल्ब किंवा हीटर आणि साचा यांच्यामध्ये पत्र्याची आडवी पट्टी हवीच. नाहीतर समोरच्या भागावर सरळ किरणं पडतात आणि तिथे सांधा ९० अंशांवर जातो, तर हातभर अंतरावर ५५ राहतो. हीट गन किंवा हेअर ड्रायर भोकातून घुसवून तासन्‌तास चालवू नका, ती साधनं त्यासाठी बनवलेली नसतात.

चौथी गोष्ट प्रोबची जागा. कंट्रोलरचा प्रोब बल्बच्या वर असेल तर तो लवकर समाधानी होतो आणि बाकी पेटी गार राहते. तो टोकाच्या बाजूला, साच्याच्या उंचीवर, पत्र्याच्या आडोशाला हवेत लटकवा. मग कोणी विचारतं, प्रोब सरळ सांध्यालाच का लावू नये? कारण सांधा उशिरा तापतो. तो ७० होईपर्यंत कंट्रोलर हीटर चालूच ठेवेल, तोवर हवा शंभरी गाठेल, आणि हीटर बंद झाल्यावरही साठलेली ऊब सांध्याला वर ढकलत राहील. हवेवर नियंत्रण ठेवा, सांध्यावर नजर ठेवा. त्यासाठी दुसरा, स्वतंत्र थर्मामीटर.

सांध्याचं तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपलची (टोकाशी जोडलेल्या दोन वेगळ्या धातूंच्या तारांनी तापमान मोजणारा प्रोब) बारीक तार सर्वांत सोयीची. पट्ट्या साच्यावर चढवताना त्या अंतिम मापापेक्षा रुंद असतात आणि टोकाकडचा बराच भाग नंतर घासून जाणारच असतो. तारेचं टोक त्या जाणाऱ्या कडेत, टोकापासून चार बोटं आत, दोन पट्ट्यांच्या मधे ओल्या इपॉक्सीत सरकवून द्या. पकल्यावर तार कापून टाकायची, तिचा तुकडा कडेबरोबर घासला जातो. थर्मोकपलचं टोक पुन्हा वळून जोडलं की तार पुढच्या वेळी तयार. दोन्ही टोकांना अशा तारा लावा आणि जे टोक जास्त थंड आहे ते ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर घड्याळ सुरू करा. किती अंशांना किती तास, ते तुमच्या इपॉक्सीच्या माहितीपत्रकात असतं. तो वेळ सांध्याचा धरायचा, पेटीचा नाही.

दाबामुळे होणारी वेगळीच गंमत

उपाशी सांध्याबद्दल मघाशी म्हटलं होतं. इपॉक्सी तापलं की घट्ट होण्याआधी पातळ होतं, अगदी तेलासारखं. या काळात दाब जास्त असेल तर ग्लू कडेने वाहून जातो आणि आत कोरडं लाकूड उरतं. इपॉक्सीला मुळात प्रचंड दाब लागत नाही, पट्ट्या सगळीकडे एकमेकींना टेकल्या की पुरे. सांधा सुटला म्हणून दाब वाढवणं हा उपाय इथे उलटा पडतो.

हवेचा होज वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २० अंशांच्या खोलीत ६० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचं माप) भरलेला होज पेटीत ७० अंशांना गेला की दाब आपोआप ७२-७३ पीएसआयच्या घरात जातो, कारण बंद हवा तापली की दाब वाढतोच. तेव्हा सुरुवातीलाच होजच्या मर्यादेजवळ भरू नका, आणि दाबाचा मीटर व हवा भरायची पिन पेटीबाहेर ठेवा. याचा एक फायदाही आहे. पेटी तापत असताना मीटरचा काटा हललाच नाही तर होज गळतोय किंवा ऊब आत पोचतच नाहीये.

बाहेर काढताना

वेळ पूर्ण झाल्यावर झाकण उघडून गरमागरम धनुष्य साच्यावरून सोडवायची घाई कितीतरी चांगले सांधे बिघडवते. ७० अंशांना पकलेलं इपॉक्सी त्या तापमानाला अजून पुरेसं कडक झालेलं नसतं. दाब काढला की वाकवलेल्या पट्ट्या सरळ व्हायला बघतात आणि मऊ सांधा त्यांना थोडं सरकू देतो. आकार किंचित उघडतो आणि टोकाला, जिथे वाक जास्त असतो, सांध्यात ताण गोठून राहतो. हीटर बंद करा, झाकण तसंच राहू द्या, साचा आतूनही हाताला कोमट लागेपर्यंत हात लावू नका. रात्री लावून सकाळी उघडणं सोपं जातं, पण हीटर चालू असताना घरात कोणी जागं असायला हवं.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो, कारण ही शेवटी लाकडाची, आत वीज आणि उष्णता असलेली बंद पेटी आहे. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांसाठीच असतं. पेटीच्या आत सिलिकॉन किंवा काचतंतूच्या आवरणाची वायर आणि सिरॅमिकचे होल्डर वापरा. कंट्रोलरचा रिले (हीटर चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटून बसला तर हीटर चालूच राहतो. म्हणून हीटरच्या वायरमध्ये वेगळा थर्मल फ्यूज असावा, जो हवेच्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या थोडा वर कायमचा तुटतो. पत्रा आणि बाकी धातूचे भाग अर्थिंगला जोडा. बल्ब लाकडाला किंवा फोमला टेकता कामा नये.

राहिला प्रश्न आधीच केलेल्या धनुष्याचा. टोकाचा ओघळ मऊ निघालाय पण थर अजून सुटलेला नाही, तर धनुष्य वाचण्याची चांगली शक्यता आहे. दोरी अजिबात चढवू नका. ते परत त्याच साच्यावर, आधीइतक्याच दाबाने बांधा, टोकांच्या प्रोबवर नजर ठेवून सांधा माहितीपत्रकातल्या तापमानाला पूर्ण वेळ ठेवा आणि दाबासकट गार होऊ द्या. थर सुटून फट पडली असेल तर मात्र नुसती ऊब देऊन भागत नाही. फटीत जुना पकलेला ग्लू असतो, त्यावर नवा ग्लू नीट धरत नाही आणि आत सँडपेपर पोचत नाही. तिथे पातळ ग्लू ओतून, वरून दोरा गुंडाळून केलेली डागडुजी भिंतीवर लावायच्या धनुष्याला चालेल. ओढायच्या धनुष्यातली ती पट्टी पूर्ण काढून नवी लावावी, आणि लाकूड घासताना जाडी कमी झाली तर ओढीचं वजन (धनुष्य ओढायला लागणारा जोर) उतरेल हे धरून ठेवावं.